लल्लाचा रोजा

ईदीच्या सकाळी लल्लाने माझं मनगट झटकून टाकलं. दोन हंगाम मी तिच्याशेजारी बसते आहे. रोजचे सहा तास तिच्या आठ हातांपैकी एक माझ्या डाव्या मनगटावर असतो, आणि एवढ्या दिवसांत तिने असं कधी केलं नव्हतं. मी ‘ईद मुबारक, लल्ला’ म्हणत नेहमीसारखा हात हौदाच्या काठावर ठेवला. मडक्याच्या तोंडातून तिचा हात बाहेर आला, त्याने मनगटाला दोन वेढे घातले, हाताखालची ती बारकी गोल तोंडं एकेक करून कातडीला चिकटली, आणि चटका बसावा तसा तो हात मागे गेला. तिचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उडाला. तपकिरीचा राखाडी झाला, राखाडीचा पांढराफटक. मागे घाण्यावरची सात-आठ माणसं नवे कपडे घालून उभी होती, ती हसली. मुकादम लम्जद म्हणाला, “घ्या! बाईसाहेबांना कांद्याचा वास सोसला नाही. मोंजिया, ईदीच्या दिवशी तरी हात धुऊन यायचे होतेस. बेटावरची ती बेटावरचीच!” “तुझे हात काय गुलाबपाण्यात बुडवून आणलेस?” मी म्हणाले आणि मीही हसले. हसले याची आता लाज वाटते. मी तिच्यासाठी बंदरावरून जिवंत खेकडा आणला होता. महिन्याभराचा उपास आज सुटणार म्हणून सगळे सुट्टी असून मुद्दाम बघायला आले होते. खेकडा मडक्यापुढे सोडला. आतून हात आला आणि त्याने खेकड्याला हळूच बाहेर ढकललं. “लाजतेय,” झाडलोट करणारी मनूबिया मावशी म्हणाली. “ईद झाली गं बाई, खा आता.” मी पुन्हा सोडला. तिने पुन्हा ढकलला. तिसऱ्या वेळी खेकडाच जोराचा निघाला, तो तिच्या हातावरून चालत गेला, आणि मला दिसलं की तो हात किती बारीक झाला आहे. भिजलेल्या सुतळीसारखा. 

लल्ला म्हणजे बाईसाहेब. ते तिचं नाव नाही, नाव आम्हांला माहीत नाही. असेल तर ते आपल्या तोंडात मावणारं नसेल. स्फाक्स शहरात कामाला आलेला ऑक्टोपस म्हणजे काही अप्रूप नाही. बंदरावर जाळ्यांच्या कोठीत एक म्हातारा आहे, तो गुंता सोडवतो आणि कुणाशी संबंध ठेवत नाही. आमची लल्ला तेल चाखते. रमजान फिरत फिरत ऐन गळिताच्या हंगामात येऊन बसला तेव्हा घाण्याच्या मालकांना ती सुचली. तेल चाखणारे पाच बुवा होते, पाचही रोजेदार. दिवसा थेंब तोंडात घ्यायचा नाही, आणि ऑलिव्ह तर ट्रकांच्या ट्रक दारात. तेल काही सूर्य मावळतानाच्या, मगरिबच्या अजानची वाट बघत थांबत नाही. मग लल्ला आली. सात निळ्या वाट्यांत सात हात, आठवा माझ्या मनगटावर. एकदा दाबलं की तेल चांगलं, दोनदा दाबलं की कुबट, तीनदा म्हणजे खवट. किती कडू, ते पकड किती घट्ट यावरून. मी उजव्या हाताने वहीत लिहायची. पहिल्या वर्षी लम्जद वाट्या मांडताना तिचा हात त्याच्या बोटांना लागला, ती गर्द काळी झाली आणि तिने माझं मनगट तीनदा दाबलं. रोज्याच्या भर दुपारी लम्जद बॉयलरमागे विडी ओढून आला होता. मी ओरडून सांगितलं, “खवट!” सगळा घाणा हसला. तेव्हापासून रमजानात तो तिच्यापासून चार हात लांब. चोराच्या मनात चांदणं. मला मात्र ती सगळी ओळखायची. झोप झाली नसेल, रडून आले असेन, तापाची कणकण असेल, तर ती वाट्या सोडून आधी मनगटाशी थांबायची, एकेक तोंड लावून बघायची, आणि मग कामाला लागायची. माझा काडीमोड होऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मला रोज हात लावणारं दुसरं कुणी नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंही, पण सकाळी घरातून निघताना मी बाही आधीच वर सारून घ्यायची.

लिंबाचंही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी करकना बेटावरची. आमच्याकडे रमजानातली पेज जवाची, आणि तीत सुकवलेला ऑक्टोपस. आई तारेवर वाळत घालायची, बाळाच्या दुपट्यांशेजारी. कामाचे वेगळे आणि खायचे वेगळे, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो, आणि कुणी खोलात शिरलं तर विषय बदलतो. स्फाक्सची माणसंही रमजानात तेच खातात; बेटावरच्यांना हसतात आणि पेज दोनदा वाढून घेतात. पण ती खाऊन लल्लाच्या खोलीत जायचं, तिने मनगट चाखायचं, हे कुणालाच बरं वाटेना. म्हणून मनूबिया मावशीने दाराशी घंगाळ ठेवलं, त्यात लिंबाच्या फोडी. “लाजलज्जा असते माणसाला,” ती म्हणाली. आत जाणाऱ्याने कोपरापर्यंत लिंबू चोळायचं, साबण लावायचा, पुन्हा लिंबू. बोटं सोलवटायची. आम्हांला आमच्या सभ्यतेचं कोण कौतुक! महिनाभर तिच्या खोलीत एकही माणूस अन्नाचा कण किंवा वास अंगावर घेऊन गेला नाही.

आणि रोज्याची टूम माझीच. दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. रमजानच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने बांगडा परत केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, आणि तिसऱ्या दिवशी मी मनूबिया मावशीला डोळा मारून म्हटलं, “लल्लाने रोजा धरलाय.” मी गंमत केली होती. मावशीने झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही हात वर केले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारपर्यंत सगळ्या घाण्यावर झालं. ट्रकवाले खाली उतरून बघून जायला लागले. एक जण म्हणाला, “माझा मुलगा सोळा वर्षांचा घोडा, लपून पाव खातो, आणि ही बघा!” लम्जदला टोमणे बसायला लागले, “अरे, पाण्यातली बाई धरते, तुला काय झालंय?” मी बोलून बसले होते. मागे घेण्यासारखं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. ती आमच्यासाठी उपाशी राहते, माझ्यासाठी राहते, असं वाटायचं. सूर्य मावळला की मी हौदात दोन-तीन बारके खेकडे सोडून घरी जायची. रात्री खात असेल. सकाळी खेकडे दगडांमागे असायचे, दिसायचे, नाही दिसायचे. कोण बघत बसतंय? ज्याला जे हवं ते त्याला दिसतं.

सात वाट्यांच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन, विसाव्या रोज्यापर्यंत दोन. ती मडक्यातून बाहेरच येईना. दोन हात बाहेर, एक मनगटावर, बाकीची सगळी आत. लम्जद म्हणाला, “रोज्यात सगळेच ढिले पडतात, तिला वेगळा न्याय कशाला?” मडकं मीच दिलेलं. बाबा करकन्याला अजून मडक्यांनीच ऑक्टोपस धरतात. दोरीला मडकी बांधून तळाशी सोडायची, आमिष नाही की गळ नाही, घर मिळालं म्हणून तो आपणहून आत जाऊन बसतो. त्यांतलं एक जुनं, शेवाळलेलं मडकं मी हंगामाच्या सुरुवातीला पिशवीत घालून बोटीने आणलं होतं, तिला भेट. ती किती खूश झाली होती! अंगभर लाटा आल्या. आणि त्या मडक्याकडे तिने मला ओढलं होतं. हे मला ईदीच्या सकाळी आठवलं, खेकडा तिसऱ्यांदा परत आल्यावर, सगळे हसत असताना. रमजानच्या पाचव्या की सहाव्या दिवशी काम संपल्यावर तिने मनगट सोडलंच नाही. हळूहळू ओढायला लागली. माझा हात पाण्यात गेला, बाही भिजली, बोटं मडक्याच्या काठाला लागली. आतून पाण्याचा बारीक झोत येत होता, थांबून थांबून, फुंकर घातल्यासारखा. मी हात काढून घेतला. आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही शिकवतात, मडक्यात हात घालायचा नाही, चावतो. मी चाळिशीची बाई, दोन हंगाम जिच्याशी हात जोडून बसले तिच्या घरात हात घालायला भ्याले. तिने लगेच सोडलं. मग एकदा दाबलं. चांगलं. समोर वाटी नव्हती, तेल नव्हतं. पुन्हा एकदा दाबलं. चांगलं, चांगलं. मी वहीत लिहिलं, ‘कामात लक्ष नाही.’

सत्ताविसाव्या रोज्याला तर आम्ही तिचा सोहळा केला. आमच्याकडे मूल पहिल्यांदा रोजा धरतं तेव्हा करतात तसा. मावशीने हौदाला लाल रेशमी फीत बांधली, ऊद जाळला, बदामाच्या वड्या वाटल्या. पाचही चाखणारे बुवा आले, त्यांच्यातल्या थोरल्याने तिच्यासाठी दुआ मागितली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने मडक्याच्या तोंडातून एकच डोळा बाहेर काढला होता. लोक रांगेने येऊन, लिंबाने धुतलेले हात पाण्यात बुडवून, तिच्या हाताच्या टोकाला बोट लावत होते, आणि ती प्रत्येकाला थोडा वेळ धरून ठेवत होती. त्या महिन्यात ती सगळ्यांशीच फार मायेने वागत होती, कधी नव्हे ते लम्जदशीसुद्धा. लम्जदचा हात तिने इतका वेळ धरला की तो कावराबावरा झाला. “आज नाही ओढली गं, शपथ,” तो तिला म्हणाला. सगळे हसले. डोळा खोल गेला होता. दिसलं होतं मला. उपासाने जातात डोळे खोल, आमचेही गेले होते.

ईदीच्या सकाळी मी बाही न सारता हात पाण्यात घातला. “अगं, नवा कुडता!” मावशी ओरडली. मडक्याच्या तोंडाशी लल्लाचे हात आडवे होते, दाराला अडसर लावावा तसे. ते बाजूला झाले. त्यांत जोर नव्हता म्हणून झाले की तिने केले, मला सांगता येणार नाही. आत मडक्याच्या छताला काहीतरी लोंबत होतं. बोटांना लागलं. ओल्या धाग्यात तांदळाचे दाणे ओवावेत तशा माळा, एक नाही, दोन नाही, सगळं छत भरून. माझ्या बोटांवरून पाण्याची फुंकर गेली. मी हात बाहेर काढला.  कुणीतरी विचारलं, “चावली का?” मी म्हटलं, “नाही.” आणि सरळ चालत ऑफिसात जाऊन करकन्याला फोन लावला. बाहीतून पाणी ठिबकत होतं, चपला कुठे राहिल्या कळलं नाही.

“बाबा, ईद मुबारक.”

“मुबारक पोरी. ईदीचा मासा कसा झाला होता? खारट नाही ना झाला?”

“बाबा, लल्ला खात नाहीये.”

“कधीपासून?”

“रमजान लागल्यापासून.”

तिकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. “मडक्यात बघ.”

“बघितलं. हात घालून बघितलं.”

“मग मला काय विचारतेस? करकन्याची पोर ना तू?” मग आवाज उतरला. “अंड्यांवर बसली की ती खात नाही. धुते, पुसते, पाणी मारत राहते. पिल्लं सुटली की संपते. असंच असतं ते.”

“भरवलं तर?”

“कोण भरवणार?”

“अंडी काढून घेतली तर? मग खाईल?”

“केलंय मी ते,” बाबा म्हणाले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. “तुझा जन्म व्हायचा होता. तुझ्या आईचे दिवस भरत आलेले, आणि एक अशीच मडक्यातून आली. म्हटलं, निदान ही तरी मोकळी होईल. माळा सोडवून समुद्रात टाकल्या आणि तिला मडक्यासकट पाण्यातल्या टोपलीत ठेवली. अकरा दिवस रिकामं मडकं चाचपत बसली होती. खेकडा दिला, शिंपला दिला. नाही म्हणजे नाहीच. पाणी कसं आहे तुझ्याकडे?”

“कोमट. थंडीत गारठेल म्हणून मीच हौद बॉयलरच्या भिंतीला लावून घेतला.”

“म्हणजे तूच तिला अंडी घालायचा वसंत आणून दिलास.” रागाने नाही, हिशेब लागल्यासारखे म्हणाले. “मग आठवड्याभरात सुटतील. पंपाच्या तोंडाला स्पंज बांध, नाहीतर सगळी ओढली जातील. बाकी तुझ्या हातात काही नाही.”

परत आले तर सगळे तसेच उभे. मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. बाबांचेच शब्द असतील.  मग मनूबिया मावशी खाली बसली. बसली ती नव्या कपड्यांनिशी ओल्या फरशीवर. “पोटुशीला रोजा माफ असतो,” ती म्हणाली. “बाळंतिणीला माफ असतो. अंगावर पाजणारीला माफ असतो. आजाऱ्याला, वाटसरूला... अगं, सगळ्या जगाला माहीत आहे! आणि आपण तिला टाळ्या वाजवल्या?” तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली, एकदा, दोनदा, लम्जदने तिचा हात धरला. “मावशी, तो रोजा नव्हताच,” तो म्हणाला. “ती धरायची थांबली असती तरी—” “तू गप रे! तू काय सांगतोस रोज्याचं मला!” मग ती माझ्याकडे वळली. “तू बेटावरची. तुला माहीत होतं.” “नव्हतं, मावशी.” “होतं. तुझ्या बापाला आहे, म्हणजे तुला होतं.” ते खरं होतं. लहानपणी वसंतात बाबा काही मडकी तशीच पाण्यात परत सोडायचे. मी का विचारलं की म्हणायचे, आत कुणीतरी कामात आहे. मला सगळं माहीत होतं. ते खायच्या ऑक्टोपसचं माहीत होतं, आणि लल्ला कामाची होती.

माणसं एकेक करून निघून गेली. ईद होती, घरोघर जायचं होतं. मी स्पंज बांधला. लाल फीत सोडली. खोलीत बॉयलरची घरघर आणि फुंकर. तिचा रंग अजून परत आला नव्हता. मी सवयीने मनगट पुढे केलं आणि माझाच वास मला आला, कांद्याचा, बेदाण्यांचा, खारवलेल्या माशाचा. ईदीची पहिली न्याहारी. दारातलं घंगाळ आज कुणी भरलंच नव्हतं. रमजान संपला, लिंबू संपलं. आणि मग दुसरा धक्का बसला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता. मनगट चाखलं की तिला माणूस कळायचा. महिनाभर तिने काय चाखलं होतं? भूक. फक्त भूक. माझी, मावशीची, ट्रकवाल्यांची, पाच बुवांची. अन्नाचा मागमूस नाही, तो आम्ही घासून घासून काढून टाकत होतो. दर दिवशी हडकत चाललेली, खोल डोळ्यांची, कोरड्या तोंडाची माणसं, सगळ्यांनी एकाच वेळी खाणं सोडलेलं. तिला काय वाटलं असेल? आम्हांला वाटलं की ती आमच्यासारखा रोजा धरते आहे. तिला वाटलं असेल की आम्ही तिच्यासारखे अंड्यांवर बसलो आहोत. आमची मडकी कुठेतरी असतील, घरी असतील, आम्ही संध्याकाळी धावत त्यांच्याकडेच जात असू. म्हणून ती एवढी मायेने हात धरत होती. म्हणून लम्जदचा इतका वेळ धरला. बिचारा हाही चालला, असं म्हणत असेल. सगळे मिळून चाललो आहोत, एकटीच नाही मी. आणि ईदीच्या सकाळी मी मासा खाऊन, हसत, माझं मनगट तिच्या हातात दिलं.

हे खरंच असं होतं का, मला माहीत नाही. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ऑक्टोपसच्या डोक्यात कोण शिरून आलंय? लम्जद म्हणाला असता, बाई, डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या. पण ती कशी पांढरी पडली ते मी पाहिलं होतं. कांद्याचा वास तिला नवा नव्हता. एरवी हंगामभर मी कांदा खाऊनच येते. मी त्या खोलीत तोंडावर हात दाबून रडले, माझ्या हाताला माशाचा वास येत होता, आणि तेवढ्यातही मनात येऊन गेलं की मासा चांगला झाला होता.

ईदीनंतर सहा रोजे धरतात, ज्यांना जास्तीचं पुण्य हवं ते. मी कधी धरले नव्हते. दुसऱ्या दिवशी धरला. पुण्याचा विचारही नव्हता. मी पहाटेचंही काही खाल्लं नाही, संध्याकाळी नुसतं पाणी आणि थोडा पाव घ्यायचा असं ठरवलं, हात, तोंड, मान, सगळं लिंबाने घासलं आणि दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या अंगावर पांढरे चट्टे पडायला लागले होते, हातांची टोकं झिजली होती, पण फुंकर थांबत नव्हती; एक फुंकर, थांब, एक फुंकर. ही फसवणूक आहे, हे मला कळत होतं. मी उपाशी होते पण मरत नव्हते. आधी न कळत फसवलं, आता कळून फसवत होते. चौथ्या दिवशी तिचा हात आला. एकच वेढा. तोंडं चिकटायला वेळ लागला, काही चिकटलीच नाहीत. ती चाखत राहिली. मग कितीतरी वेळाने चट्ट्यांच्या मधून थोडा तपकिरी रंग आला, आणि तिने हात तसाच राहू दिला. मला इतकं बरं वाटलं की त्याची भीती वाटली.

पाचव्या दिवशी लम्जद दारात आला. घंगाळाशी उभा राहून कोपरापर्यंत घासत होता. “काय रे?” मी विचारलं. “काही नाही.” “विडी ओढून आलायस?” त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. “परवापासून धरलाय,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा पुरा धरलाय. मावशीला सांगू नकोस, ती डोक्यावर घेऊन नाचेल.” मी त्याला माझ्या मनातलं काही सांगितलं नव्हतं. त्याने गुडघे टेकून हात पाण्यात घातला. लल्लाचा दुसरा हात निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, पुन्हा निघाला. तिने त्याला हात लावला, आणि माझं मनगट एकदा दाबलं. “काय म्हणाली?” तो हळूच म्हणाला. “चांगलं म्हणाली,” मी सांगितलं. एवढा मोठा मिश्यांचा बाप्या, तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सातव्या दिवशी दुपार कलताना पिल्लं सुटली. आधी मला वाटलं पाण्यात धूळ उडाली. मग धूळ वर यायला लागली, खिडकीच्या उजेडाकडे, आणि प्रत्येक कणाला दोन काळे डोळे होते. तिने मडक्यातून जोरात पाणी मारलं, महिन्याभरातली सगळ्यांत जोराची फुंकर, आणि त्यांचा ढग बाहेर आला. पुन्हा मारलं, पुन्हा ढग. तांदळाएवढी, आरपार दिसणारी, आणि एवढ्याशा अंगावर रंग बदलत होती. लम्जद बादल्या घेऊन धावला. मावशी दारात उभी राहून ओरडत होती, “हळू! हळू रे मेल्या, बाळं आहेत ती!” बादल्या भरून गाडीवर चढल्या, आठवडा भरत आला म्हणून बाबा दुपारच्या बोटीने येऊन धक्क्यावर वाट बघत होते, त्यांना बेटापलीकडे, जिथे कुणाची मडकी नाहीत तिथे सोडायची होती. मी हलू शकत नव्हते, तिचा हात माझ्या मनगटावर होता. फुंकरी लांबत गेल्या. मी पुढच्या फुंकरीची वाट बघत राहिले. मनगटावरचा वेढा तसाच होता, पण त्यात कुणी नव्हतं. रंग गेला तो परत आला नाही. मी तिला हाका मारल्या. मोठ्याने मारल्या, अगदी वेड्यासारख्या, मला माहीत असून मारल्या.

मगरिबची अजान झाली. मनूबिया मावशी आत आली तेव्हा तिच्या हातात काचेचं भांडं होतं. तीळ, मध आणि लोणी घोटून केलेलं, वर बदाम. बाळंतिणीच्या घरी आल्या-गेल्याला देतात ते. सकाळपासून करत बसली होती. दारात थांबली. हौदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मुबारक म्हणायचं की सांत्वनाचं बोलायचं, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती माझ्याजवळ बसली, चमचा भरला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी मान फिरवली. लल्लाचा हात मनगटावर होता, त्यावरची तोंडं अजून चिकटलेली होती. “नको, मावशी,” मी म्हणाले, “आत्ता नको, तिला कळेल.” मावशीने काय कळेल ते विचारलं नाही. चमचा तसाच धरून ठेवला. मध चमच्यावरून घरंगळत होता. मी तोंड उघडलं. गोड लागलं. इतकं गोड लागलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, सहा दिवसांची भूक एकदम उठून उभी राहिली, आणि मी डाव्या मनगटावरचा तिचा हात न सोडवता उजव्या हाताने भांडं स्वतःकडे ओढलं आणि खात राहिले.